आबाजी आणि सुधारलेला होमराज

"साहेब मले दरखेपी म्हनत, होमराज, तू सुधारला बाप्पा. पन मी बिघडलो कवा होतो, थे काही त्यायनं सांगितलंच नाही जी."

तुमच्या तेरवीच्या पंगतीत होमराजकाका शेजारी बसलेल्या दुधरामकाकांना हे सांगत होते. त्यांच्या पानात तिसऱ्यांदा बुंदी पडली होती. मी त्यांच्या मागे पाण्याचा जग घेऊन उभी होते. पाणी वाढणाऱ्याकडे कोणी पाहत नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतं आबाजी. लग्न असो, तेरवी असो, ग्रामसभा असो, हातात जग घेतला की माणूस दिसेनासा होतो.

दुधरामकाका हसले. "साहेबायनं म्हटलं त काही पाहूनच म्हटलं असन. त्यायचं कधी चुकलं का?"

"थेच त म्हनून राहिलो ना गा. त्यायचं चुकलं नसन, त मंग म्या काय केलतं?"

जग माझ्या हातात एकदम जड झाला. अख्ख्या मांडवात या प्रश्नाचं उत्तर फक्त मला ठाऊक होतं. तुम्हालासुद्धा ते कधी कळलं नाही.

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. घर अजून तुमच्याच पद्धतीनं चाललंय. काल पप्पा म्हणाले, "आज लाइट जाणार बहुतेक," आणि आजी आतून ओरडली, "पाहिलं, ऐकलं का वाटलं?" मग आम्ही तिघंही हसलो.

गुप्तवार्ता विभागातली सगळी नोकरी संपवून तुम्ही सौंदडला राहायला आलात तेव्हा एक लोखंडी पेटी, एक दुर्बीण आणि हे तीन शब्द घेऊन आलात. पाहिलं ते पहिल्या नंबरचं. ऐकलं ते दुसऱ्या. वाटलं म्हणजे तुमच्या लेखी केरकचरा. एकदा जेवताना तुम्ही म्हणालात, "भाजीत मीठ कमी आहे," आणि आजीनं तुम्हालाच विचारलं, "पाहिलं, ऐकलं का वाटलं?" तुम्ही म्हणालात, "चाखलं." "थे तुमच्या यादीत नाही," असं म्हणून तिनं मिठाची बरणी उचलून आत नेली. त्या दिवशी तुम्ही अळणी भाजी खाल्लीत, आणि तरी दोन पोळ्या जास्त.

आजीचं सांगते. तुम्हाला आवडेल. तेरवीच्या आधी बाया भेटायला यायच्या, गळ्यात पडून रडायच्या आणि विचारायच्या, "काही बोलले का वो जाताना?" आजी म्हणायची, "सांगून जायची यायले सवयच नोहती. नोकरीभर सांगितलं नाही कुठी जाते म्हनून, मंग आताच कायले सांगतीन?" रडायला आलेली बाई हसत बाहेर पडायची. तुम्हाला मात्र नोकरीभर वाटत होतं की आजीला काही पत्ता नाही. तिनं मला सांगितलंय. ती तुमच्या बुटांची माती पाहायची. लाल माती म्हणजे जंगलाकडे. चिकट काळी म्हणजे धानाच्या बांध्यांमधून फिरून आलात. बूट कोरडे आणि शर्टाला कॉलरपाशी मळ, म्हणजे गोंदियात कुठल्यातरी टपरीवर दिवसभर बसून होतात. "मंग विचारलं काऊन नाही?" मी तिच्यासारखं बोलायचा प्रयत्न करत विचारलं. ती म्हणाली, "कायले विचारू? त्यायले लपवण्यात मजा येत होती."

मला तुमच्या घरात पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं ते तुमच्या एका वाक्यामुळे. पप्पांच्या नोकरीमुळे आम्ही गोंदियात राहायचो. वर्गात इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, आणि मराठी फक्त सुट्टीत, तुमच्या अंगणात. तिन्ही भाषा मला येत होत्या आणि तिन्हींमध्ये मी गप्प असायची. कोणीही पाहुणा आला की विचारायचा, "पोरगी मुकी हाये का जी?" आई लाजायची, पप्पा "बोल ना बेटा" म्हणून कोपर मारायचे. तुम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालात, "ती पाहून राहिली. तिचं काम चालू आहे."

काम! मला काम होतं. त्या दिवसापासून मी पाहुण्यांसमोर ताठ बसायला लागले.

मग तुम्ही मला खरंच काम दिलंत. सडक अर्जुनीच्या बाजारात स्कूटर लावायची, तुम्ही भाजी घ्यायची आणि मी तीन गोष्टी पाहून यायच्या. परत येताना रस्त्याच्या कडेला थांबून तुम्ही हिशोबानं विचारायचात. मिरची विकणाऱ्या बाईनं कोणत्या गिऱ्हाइकाला जास्त टाकली? डावखुरा तराजूवाला कोण? मी सांगायची. तुम्ही मान डोलवायचात. शाळेत माझं कधी कोणी इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. भाजी आणायला तीन तास लागतात म्हणून आजी दोघांवर चिडायची, पण तीन तासांत आपण अख्खा बाजार घरी आणायचो.

आणि नवेगाव बांध. तलावाकाठी तुम्ही दुर्बीण माझ्या गळ्यात घातलीत आणि म्हणालात, "कुठंही थांब, पक्षी पाहायला आलो म्हणून सांग. कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही." नोकरीत तुम्ही वर्षानुवर्षं पक्षी पाहण्याच्या बहाण्यानं भलतंच काही पाहत होतात. पण बहाणा खरा दिसावा म्हणून पक्ष्यांची नावं पाठ केलीत, आवाज ओळखायला शिकलात, आणि शेवटी खरोखर पक्ष्यांच्या प्रेमात पडलात. एकदा तुम्ही कबूल केलंत की कुठल्याशा महत्त्वाच्या माणसाची वाट पाहताना समोर सारसांची जोडी उतरली आणि तो माणूस मागून निघून गेला. "मग वर काय कळवलंत?" मी विचारलं. "माणूस आढळून आला नाही," तुम्ही म्हणालात. इतकं हसताना मी तुम्हाला फार वेळा पाहिलं नाही.

निवृत्त झाल्यावर गावानं तुम्हाला स्वस्थ बसू दिलं नाही. तुम्ही काय नोकरी केलीत हे कोणालाच नीट माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी आपापल्या परीनं मोठं करून घेतलं. तुम्ही "खुफियावाले साहेब" झालात. आणि लग्नाच्या मुली असलेले सगळे बाप तुमच्या ओट्यावर यायला लागले. मुलगा कसा आहे ते साहेबांनी पाहून द्यावं. तुम्ही आधी नाही म्हणालात, मग एकदा हो म्हणालात, आणि मग स्कूटरला दुसरं कामच उरलं नाही. मुलाच्या गावी जायचं, न्हाव्याकडे दाढी करायची, पिठाच्या गिरणीवर उगाच उभं राहायचं, बसस्टँडवर चहा प्यायचा. कोणालाही सरळ प्रश्न विचारायचा नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांच्या तोंडून एकच गोष्ट आली तरच ती धरायची. घरी येऊन मुलीच्या बापाला तुम्ही दोनच उत्तरं द्यायचात, "करा" किंवा "राहू द्या". कारण कधीच नाही. कारण सांगितलं की बदनामी होते, असं तुमचं म्हणणं.

दुधरामकाकांच्या वनिताताईसाठी होमराजकाकांचं स्थळ आलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. होमराजकाकांचं सडक अर्जुनीला, हायवेला लागून, सायकल-मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तुमची चौकशी झाली होती. न्हाव्यानं चांगलं सांगितलं, बसस्टँडच्या चहावाल्यानंही चांगलं सांगितलं. तुम्ही "करा" म्हणणारच होतात. पण उन्हाळ्याची सुट्टी होती, मी सोबत होते, आणि तुम्हाला वाटलं, पोरीला थोडं शिकवावं. "जा, सायकलचा व्हॉल्व्ह ट्यूब माग. दहा मिनिटं उभी राहा. ये." तुम्ही रस्त्यापलीकडच्या ढाब्यावर बाकावर बसलात, नेहमीप्रमाणे भिंतीला पाठ लावून.

मी रस्ता ओलांडला. दुकानात पाच-सहा ट्रकवाले मोठमोठ्यानं बोलत उभे होते. मला "व्हॉल्व्ह ट्यूब" एवढं म्हणायचं होतं, आणि ते तोंडातून निघेना. शेजारी पंक्चरवाल्याकडे जुन्या टायरांची चळत होती. मी तिच्यामागे जाऊन बसले. तिथून दुकान दिसत नव्हतं. नुसता रबराचा वास आणि माझे गुडघे.

परत आले तर तुम्ही विचारलंत, "मग?"

मला जमलं नाही, असं म्हटलं असतं तर तुम्ही रागावला नसतात. "बरं" म्हणाला असतात. पण तुमचं ते "बरं" मी इतरांच्या वाट्याला येताना पाहिलं होतं. पप्पांच्या, पाहुण्यांच्या. माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं आणि मला ते यायला नको होतं.

"त्यांनी एका म्हाताऱ्या माणसाला हाकलून दिलं," मी म्हणाले.

"पाहिलं की ऐकलं?"

"पाहिलं. म्हाताऱ्याची एक चप्पल निळी होती आणि एक पांढरी."

खोटं बोलणारा माणूस बिनकामाचा तपशील देत नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. तुम्ही कपातला चहा संपवलात. माझ्या डोक्यावर हात ठेवलात. घरी येऊन दुधरामकाकांना म्हणालात, "राहू द्या."

दोन अनोळखी तोंडं चांगलं सांगत होती, आबाजी. ज्या दोन तोंडांवर तुम्ही आयुष्यभर विश्वास ठेवलात, ती दोन्ही तुम्ही माझ्या एका निळ्या चपलेसाठी बाजूला सारलीत. उलटून विचारलं नाहीत. नुसता रस्ता ओलांडला असतात तरी कळलं असतं. पुढे तुमच्या हुशारीच्या गोष्टी ऐकल्या की मला हे आठवायचं, आणि दर वेळी आधी लाज वाटायची आणि तिच्या मागोमाग एक न सांगण्यासारखा आनंद व्हायचा.

वनिताताईचं पुढे बालाघाटला लग्न झालं, छान झालं. होमराजकाकांचंही वर्षभरात जमलं. त्यांची बायको इतकी हसरी आहे की दुकानापेक्षा त्यांच्या घरीच गिऱ्हाईक जास्त असतं. कोणाचं काही बुडालं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले. ती टिकलीही असती. पण तुमची स्कूटर त्यांच्या दुकानासमोर बंद पडली.

त्यांनी ती दुरुस्त करून दिली, वर चहा पाजला. तुम्ही निघताना म्हणालात, "होमराज, म्हाताऱ्या माणसांशी नीट बोलत जा." बिचारे गोंधळले. साहेब म्हणतात म्हणजे काहीतरी असेल, म्हणून त्यांनी दुकानाबाहेर म्हाताऱ्यांसाठी एक बाकडं टाकलं. पुढच्या खेपेला तुम्ही ते पाहिलंत, त्यावर बसलेले चार म्हातारे पाहिलेत, आणि तुमचा निष्कर्ष पक्का झाला. तुम्ही मला नागपूरला हॉस्टेलवर फोन केलात. तुमचा आवाज उजळला होता. "श्रुती, माणूस सुधारतो गं. तो होमराज आठवतो? सुधारला. मी पाहिलं."

फोनवर मी "हो का" म्हणाले. एवढंच.

त्यानंतर होमराज तुमचं आवडतं उदाहरण झाला. कोणाचा मुलगा वाया गेला म्हणून बाप रडत आला की तुम्ही सांगायचात, धीर धरा, सडक अर्जुनीला एक माणूस आहे. नाव घ्यायचा नाहीत. पण होमराजकाका भेटले की त्यांच्या पाठीवर थाप मारून "सुधारला हां तू" म्हणायचात. त्यांनी न केलेल्या गुन्ह्याची तुम्ही त्यांना इतक्या प्रेमानं माफी देत होतात, की ते हसून मान डोलवायचे आणि घरी जाऊन विचार करत बसायचे.

आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी सौंदडच्या स्टेशनवर तुमच्यावर चिडले होते. मुलाखतीत एक शब्द बोलता आला नव्हता, त्याचा राग तुमच्यावर काढला. म्हणाले, तुम्ही मला कोपऱ्यात उभं राहायला शिकवलंत, आता कोपराच सुटत नाही. सगळे बोलतात आणि मी बघत बसते.

तुम्ही माझी बॅग फलाटावर ठेवलीत. मग म्हणालात, "पाहणं म्हणजे अर्धं काम. पाहिलेलं सांगायचं असतं. मी सांगितलं, पण नेहमी कागदावर, बंद पाकिटात. तोंडानं सांगायचं माझं राहून गेलं."

"म्हणजे तुम्हालाही जमलं नाही!"

"नाही ना जमलं. म्हणून तर तुला म्हणून राहिलो..."

तेवढ्यात गाडी आली. तुम्ही माझी बॅग आत ढकललीत. पुढचं वाक्य राहिलं. नंतर मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला टायरांबद्दल सांगावं लागलं असतं. दर सुट्टीत ठरवून यायची, उद्या सांगू. तुम्ही चष्मा पुसत अंगणात बसलेले असायचात, मी आल्यावर आनंदानं खुर्ची सरकवून द्यायचात, आणि माझं उद्यावर जायचं. मागच्या महिन्यात आले तेव्हाही ठरवून आले होते. तुम्ही झोपला होतात. मी उशाशी बसून नुसती पाहत राहिले.

आणि मग तेरवी. पंगत उठली. लोक हात धुवायला मांडवाच्या कडेला आले आणि मी ओळीनं सगळ्यांच्या हातावर पाणी घालत होते. दुधरामकाका अजून तुमच्याच गोष्टी सांगत होते. साहेबांना कोणी फसवू शकलं नाही. साहेब चेहरा पाहून माणूस ओळखायचे. आजूबाजूचे चार जण मान डोलवत होते, आणि त्यांच्या मधोमध होमराजकाका खरकटे हात पुढे धरून खाली मान घालून उभे होते, बेचाळीस वर्षांचा माणूस, निकालाच्या दिवशी शाळेत उभं राहावं तसा.

मी बोलले तर तुमची गोष्ट मोडणार होती. तुमच्याच मांडवात, फुलं घातलेल्या तुमच्या फोटोसमोर. गप्प राहिले तर हा माणूस जन्मभर आपण कधी बिघडलो होतो ते शोधत राहणार होता. तुमचा फोटो माझ्या मागे होता. बरं झालं. तोंड दिसलं असतं तर मी पुन्हा उद्यावर ढकललं असतं.

"काका," मी म्हटलं.

"बस, बाई, झालं पानी."

"तुम्ही काहीच केलं नव्हतं."

त्यांना नीट ऐकू आलं नाही. दुधरामकाकांना आलं. "काय म्हनून राहिली वो तू? तू त तवा एवढुशी होती."

"होते. पण मला माहीत आहे."

"अगा बाप्पा, साहेबायची नात बोलली!" मागून कोणीतरी म्हणालं आणि दोन-तीन जण हसले. मी जग खाली ठेवला. आजी दारातून पाहत होती. "हसता कायले?" ती त्यांच्यावर खेकसली. "बोलू द्या तिले."

होमराजकाका ओल्या हातांनी तसेच माझ्याकडे वळले. "मंग साहेबाले कोनं सांगितलं होतं?"

मी पार मागच्या सतरंजीपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "मी सांगितलं होतं, काका. मी तुमच्या दुकानात आलेच नव्हते, घाबरून पंक्चरवाल्याच्या टायरांमागे लपले होते, आणि मनानं रचून तुमच्याबद्दल वाईट सांगितलं. आबाजींनी साऱ्या जिल्ह्याची चौकशी केली, पण माझी कधीच केली नाही."